पुढचा मोसम इथंच

ऐंशीच्या दशकात आम्ही ओहायोतल्या एका पोलादाच्या गावात राहत होतो. नागपूरच्या कॉलेजात मी हॉकी खेळलेला, त्यामुळे शेजारच्या म्हाताऱ्यानं मॅचला चल म्हटल्यावर वाटेत मी त्यालाच हॉकी समजावून सांगत गेलो. आत पाहतो तर ना गवत, ना चेंडू. बर्फावर एक काळी चकती आणि तिच्यामागं सुसाट सुटलेले दांडगे लोक. पहिली मारामारी झाली आणि माझं तोंड जे बंद झालं ते घरी येईपर्यंत.

तरी मी पुन्हा गेलो, मग दर शनिवारी जाऊ लागलो. म्हातारा जन्मभर भट्टीवर राबलेला. गावचा हा व्यावसायिक संघ मुळात भट्टीवाल्यांच्या पोरांनी सुरू केला, म्हणून जर्सीवर पेटती भट्टी, हे त्यानं मला पन्नासदा तरी ऐकवलं असेल. मला ते आवडायचं. परक्या मुलखात 'आपला' म्हणायला काहीतरी मिळालं होतं. मी दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो, त्याची सात झाली होती. आई प्रत्येक पत्रात कधी येतोस विचारायची आणि मी पुढच्या वर्षी नक्की, असं लिहायचो.

मग कारखाना बंद पडला. संघही जाणार अशी कुजबुज सुरू झाली. संघाचा मालक दर वर्षी सांगायचा, पुढचा मोसम इथंच. एका वर्षी त्यानं ते सांगितलं नाही. संघ दक्षिणेतल्या एका उकाड्याच्या शहरात चालला होता. नाव नवं, जर्सीवर भट्टीऐवजी मासा. मला सगळ्यात जास्त राग त्या माशाचा आला.

शेवटच्या मॅचला निघताना बायकोनं दोघांच्या हातावर दही ठेवलं. म्हाताऱ्यानं ते चाटलं आणि हे कशासाठी, असं विचारलं. घरातून निघालेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून, मी सांगितलं.

मॅच हरलो. खेळाडूंनी काठ्या उंचावून एक फेरी मारली आणि एकेक करून आत गेले. लोक उठेनात. रिकाम्या बर्फाकडे बघत म्हातारा म्हणाला, "दही त्यांच्या हातावर ठेवायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तू निघालास तेव्हा तुझ्या आईनं ठेवलं होतं?"

"हो."

"मग?"

"पुढच्या वर्षी जाणार आहे."

मालकाची हीच थाप म्हातारा कित्येक वर्षं ऐकत आला होता.

दुसऱ्या दिवशी आईला पत्र लिहायला बसलो. 'पुढच्या वर्षी' लिहिलं आणि खोडलं. घरची फार आठवण येत होती, पण तेही लिहवेना. शेवटी आमच्या गावचा हॉकीचा संघ गाव सोडून गेला, शेजारच्या म्हाताऱ्यानं फार मनाला लावून घेतलंय, एवढंच लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सगळी ख्यालीखुशाली होती. कधी येतोस, हे मात्र या वेळी विचारलेलं नव्हतं. शेवटी कडेला जरा जागा उरली होती, तिथं तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'म्हातारं माणूस वाट बघतंय, हे त्या पोरांना कुणी सांगितलं नाही का रे?'