पदराची कंटिन्युइटी

धूर परत उलटा फिरला आणि अंकुशच्या नाकातोंडात गेला.

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आम्ही घमेल्यात नारळाच्या शेंड्या पेटवून धुकं तयार करत होतो. अंकुश माझा वर्गमित्र, साउंड बघायचा. पण माणसं कमी असल्यामुळे त्या सकाळी त्याच्याकडे धुराचं खातं होतं. समोर आमच्याच वर्गातली एक मुलगी पांढरी साडी नेसून पाळीवरून चालत होती. मी कॅमेऱ्यामागे. स्लो मोशनमध्ये पदर उडत होता. मला वाटलं, जमलं.

मी आता माहितीपटांसाठी कॅमेरा करते. हे सांगते आहे ते नागपूरला फिल्ममेकिंग शिकत होते तेव्हाचं. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक शॉर्ट फिल्म करायची होती. अट एकच, संवाद नकोत. जे सांगायचं ते चित्रातून सांगा. मी विषय निवडला होता 'स्वप्न', आणि स्वप्न बाबांचं होतं.

बाबा गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये ऑपरेटर होते. आयुष्य मशीनजवळ गेलं, त्यामुळे निवृत्त होईतो कान जवळपास गेले. मी सुट्टीत घरी आले होते आणि विषयासाठी डोकं खाजवत बसले होते, तेव्हा चहा पिता पिता ते सहज बोलून गेले, "मले एकच सपन पडते. तुझी आई चालत येते अन् काहीतरी बोलते. आयकूच येत नाही."

एवढंच. आई मी दहावीत असताना गेली. आमगावला मावशीकडे गेली होती, तिथंच रात्री झोपेत हृदय बंद पडलं. त्यानंतर बाबा तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. मी पुढचं काही विचारलं नाही. उरलेलं स्वप्न मी स्वतःच लिहून काढलं. तळं, धुकं, पांढरी साडी.

रफ कट तयार झाला. रफ कट म्हणजे शॉट नुसते क्रमाने जोडून केलेला कच्चा सिनेमा. तो लॅपटॉपवर बाबांना दाखवला. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत पाहिला.

"ही कोण होय?"

"आई."

"तुझी आई पांढरं लुगडं कधी नेसली? हे तर टीव्हीवरलं भूत होय."

"स्वप्न आहे बाबा. असंच दाखवतात."

"धूर कायले सोडला पण? माझ्या सपनात धूर नाही. भर दुपार राहते. येवढा उजेड, का डोळे दुखतात."

आणि मग त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. मिलचं अंगण. उसना तांदूळ करतात तिथं धान आधी वाफवतात आणि मग सिमेंटच्या मोठ्या अंगणात सुकायला पसरवतात. स्वप्नात ते अंगण संपतच नाही. आकाशाला टेकेपर्यंत धान. त्याच्यातून वाफ निघते आहे. आई हातात डबा घेऊन त्या धानावरून चालत येते, पण एक दाणा हलत नाही. नाकातोंडाला पदर लावलेला, कारण हवेत कोंडा. ती जवळ येऊन थांबते. बोलते. मागे मिल चालूच.

"अन् मग?"

"मग मी हात हालवतो. जा, मंग सांग म्हणून. अन् जाग येते."

मग ते म्हणाले, "हे सपन नाही पोरी. हे झालं होतं. आमगावले गेली त्या दिवशी ती स्टेशनवर जाता जाता डबा द्यायले आली होती. काही तरी बोलली. मशीनचा पट्टा सरकला होता, मी घाईत होतो. हात हालवला. ती गेली."

मी लॅपटॉप मिटला.

"मले वाटते, तिनं सांगितलं असंल. छातीत दुखून राहिलं म्हणून."

इतकी वर्षं हा माणूस हे घेऊन जगत होता आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी मात्र तळ्यावर शेंड्या जाळत बसले होते.

आमच्या गाइड मॅडमना फोन केला.

"मॅडम, सगळं परत शूट करायचं आहे."

"सबमिशन तोंडावर आलंय. आहे त्यात काय वाईट आहे?"

"धूर आहे."

"बरं झालं तुलाच कळलं," मॅडम म्हणाल्या. "पण उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही."

मिलच्या शेठजींना भेटले. बाबांमुळे ओळख होती. "पिक्चर बनाना है? बनाओ बेटा. लेकिन सीझन है, मिल बंद नहीं होगी. और धान पर चप्पल पहन के कोई नहीं चढ़ेगा."

मिल बंद नकोच होती मला. उरला प्रश्न आईचा.

आईसारखं चालणारं जगात एकच माणूस होतं. आईची धाकटी बहीण, सुमनमावशी. तोच डावा खांदा किंचित खाली, तीच भरभर पावलं. मी गाडीने आमगावला गेले. मावशी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"नाही जमायचं," ती म्हणाली. "बहिणीचं सोंग घेऊ काय मी आता?"

"सोंग नाही गं. फक्त चालायचं."

"दुसरी कोणी पाहून घे."

मग मी तिला स्वप्न सांगितलं. त्या दुपारचं खरं काय ते सांगितलं. बाबांना छातीबद्दल काय वाटतं, तेही. मावशीचं सूप हातातच थांबलं.

"भाऊजीले आयकूच नाही आलं?" तिने विचारलं.

"नाही."

"आजपर्यंत?"

"आजपर्यंत."

ती उठून आत गेली, आणि आईची एक फुलाफुलांची साडी घेऊन बाहेर आली. ती तिच्याकडेच राहून गेली होती. "ही चालंल काय?"

शूटिंगच्या दिवशी बाबा आले नाहीत. "मले माहीत आहे तिथं काय होते," म्हणाले.

दुपारी आम्ही अंगणाच्या कडेला उभे होतो. नुकतंच वाफवलेलं धान पसरलं होतं आणि त्यातून खरीच वाफ वर चढत होती. तिला ओला, गोडसर वास होता. उन्हात कोंड्याचे कण तरंगत होते, सावकाश, जणू खाली यायची त्यांना आठवणच राहिली नव्हती. मिलची एकसारखी घरघर पायांतून वर येत होती. तिथं उभं राहून मला समजलं, की धुराची गरज का नव्हती. हे सगळं आधीच अर्धं स्वप्न होतं. फक्त ते रोज इथं होत असल्यामुळे कोणी थांबून बघत नव्हतं.

अडचण एकच. धानावरून माणूस चालणार आणि दाणा हलणार नाही, हे कसं दाखवायचं? अंकुश म्हणाला, कॉम्प्युटरवर करू. मला ते येत नव्हतं आणि वेळही नव्हता. मी ट्रायपॉड काढून कॅमेरा जमिनीवर ठेवला, स्वतः पोटावर झोपले आणि बघितलं. धान सुकवताना कामगार त्यातून पाय ओढत चालतात, म्हणजे खालचं वर येतं. त्याच्या लांब सरी पडतात आणि मधे मधे मोकळं सिमेंट उरतं. उभं राहिलं की ते दिसतं. जमिनीलगत डोळा नेला की सरीआड लपतं. दिसतं फक्त धान, समुद्रासारखं.

मावशी त्या मोकळ्या पट्टीतून चालत आली. हातात डबा, नाकाला पदर, पायात काही नाही. वाफेतून वर उन्हात आली. एक दाणा हलला नाही. अंकुश हेडफोन काढून नुसता बघत राहिला. मी 'कट' म्हणायचं विसरले.

मग क्लोज-अप. मॅडमनी वर्गात पीओव्ही शिकवला होता, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा शॉट. इथं पात्र म्हणजे बाबा. त्यामुळे मावशीने सरळ लेन्समध्ये बघून बोलायचं होतं.

"काय बोलू?"

"काहीही बोल. वर मिलचा आवाज असणार, ऐकू येणार नाही."

"काहीबी?"

"काहीही. फक्त पदर तसाच ठेव."

ऊन शेडमागे उतरू लागलं होतं. मी फोकस लावला आणि म्हटलं, ॲक्शन. मावशीने लेन्सकडे पाहिलं. आणि पदर खाली घेतला. पूर्ण चेहरा उघडा करून ती बोलू लागली. हळूहळू, एकेक शब्द तोडून. बोलून झाल्यावर तिने पदर पुन्हा नाकाला लावला.

"मावशी, पदर! पदर का काढलास?"

"ध्यानात नाही राहिलं," ती म्हणाली.

दुसरा टेक घ्यायला गेले तोवर अंगणावर सावली आली होती. आता ऊन जुळलं नसतं. मी चिडले होते. मावशी मात्र कपाळावरचा घाम पुसत होती आणि एकदम हलकी दिसत होती.

याला आमच्या धंद्यात कंटिन्युइटी म्हणतात. एका शॉटमध्ये पेला अर्धा भरलेला असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो अर्धाच भरलेला हवा. लाँग शॉटमध्ये नाकाला पदर आणि क्लोज-अपमध्ये चेहरा उघडा, ही पहिल्या वर्षाची चूक. मॅडमनी एडिट बघून हेच सांगितलं.

"हा शॉट काढ. लाँग शॉटवरच संपव. चालून येते आणि थांबते, पुरे आहे."

"आधी बाबांना दाखवते, मग काढते."

यावेळी बाबा लॅपटॉपच्या अगदी जवळ बसले. अंगण आलं, वाफ आली. धानावरून ती चालत आली. क्लोज-अप आला, पदर खाली झाला, आणि ते एकदम पुढे वाकले.

"मांगं घे."

मी मागे घेतलं. "पुन्हा," म्हणाले. मी पुन्हा लावलं. आणि माझ्या लक्षात आलं, ते चित्र बघत नव्हते, वाचत होते. मिलमध्ये कानांचा उपयोग नसतो. तिथली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. लहानपणी आमच्या घरात कुजबुजायची सोय नव्हती. बाबांना पाठ फिरवली तरच गुपित राहायचं. त्या दुपारी आईने पदर लावला नसता, तर त्यांना तेव्हाच समजलं असतं.

बाबा पडद्याबरोबर हळूहळू बोलू लागले. "भाजी संध्याकाळपर्यंत ठेवू नका, आंबते. मनूले गणितावरून बोलू नका. तिले येत नाही तर नाही येत. मी उद्या दुपारच्या गाडीनं येते."

मनू म्हणजे मी.

"हे तू लिहून देलं सुमनले?"

"नाही बाबा. मी म्हटलं होतं, काहीही बोल."

त्यांनी तो शॉट परत एकदा पाहिला. मग म्हणाले, "छातीचं काही नाही बोलली." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले, जसं काही मीच ते विसरेन. मग चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

मी बाहेर जाऊन मावशीला फोन लावला.

"मावशी, आई खरंच असं बोलली होती?"

"त्या दिवशी इथं आल्या आल्या तिनं मले सांगितलं ना. 'सगळं सांगून आली, पण ते मशीनकडंच पाहून राहिले होते, कोण जाणे काय आयकलं,' म्हणाली अन् हसली. मी समजली, आयकलं असंल. तू सांगितलं तेव्हा कळलं."

"मग बाबांना थेट सांगायचं की."

"येवढ्या वर्षांनी तोंडावर काय सांगू? रडली असती मी. अन् त्यायचे कान तुले माहीत आहेत. त्या काचेसमोर सोपं होतं. ती मधात बोलत नाही."

"आणि पदर?"

"बाई, मी काय तुझ्या कॅमेऱ्यासाठी बोलून राहिली होती काय?"

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या गाडीने आमगावला गेले. आई गेल्यापासून ते त्या घरी कधी मुक्कामी राहिले नव्हते. या वेळी राहिले. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. परत आले ते लाखोळीची डाळ घेऊन. पुढे एकदा मी विचारलं, स्वप्न अजून पडतं का. म्हणाले, "पडते ना. पण आता ती भाजीचंच बोलते. मी म्हणतो, खाल्ली बाई, खाल्ली."

तो शॉट मी काढला नाही. मार्क देणाऱ्या ज्युरीतल्या एका सरांनी नेमकं तिथंच सिनेमा थांबवला. "पदर बघितलास का? अशी चूक दुसऱ्या वर्षात?" मी म्हटलं, बघितलाय सर. "मग ठेवलास का?" मी म्हटलं, राहू द्या. कारण सांगत बसले नाही. त्यांनी मार्क कापले, आणि नियमाप्रमाणे बरोबरच कापले. मला बी ग्रेड मिळाली. अंकुशला मिलच्या आवाजासाठी ए.

आता कामावर माझ्याकडे कंटिन्युइटी बघायला वेगळी मुलगी असते. अतिशय हुशार, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिचं मी नेहमी ऐकून घेते. मात्र शॉट कापण्याआधी एक गोष्ट विचारते, समोरचा माणूस नक्की कोणाशी बोलतो आहे?