वाळलेले हात

खडकवासल्याच्या पाण्याकाठी आम्ही कोथरूडकरांनी दोन दिवस तंबू टाकले होते. चूल सांभाळणारा म्हातारा काडेपेटी स्वतःच्या खिशातच ठेवायचा. सॅनिटायझर लावून कोणी चुलीजवळ आलं की तो तळहात चाचपायचा आणि ओले असले तर माघारी पाठवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागलो.

"अहो आजोबा, वाळलेत हात."

"माझी लेक बी हेच म्हणली आन् काडी वढली. सॅनिटायझरचा जाळ फिका, उन्हात हातावर दिसलाच नाय. पदर पेटला तवा कळलं. वाचली नाय."

त्याने सॅनिटायझरची बाटली उचलून लांब सावलीत ठेवली. परत येऊन माझे कोरडे हात पुन्हा हातात घेतले. ते त्याने बराच वेळ सोडले नाहीत, आणि मीही ओढून घेतले नाहीत.