वाटीतला पारा

पारा मी माझ्या हातानं दिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर तोंड टाकलं, तर वाचणाऱ्यानं माझंही माप माझ्या पदरात घालावं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. माहेर नायगावकडचं, नोकरी इकडं, आणि जीभ जरा तिखटच. जिल्हा नवा म्हणून सगळंच नवं यायला लागलं. दारावरची पाटी रंगवली, खाटा वाढल्या, बीपीची यंत्रं आली, थर्मामीटरची खोकीच्या खोकी आली. आलं नाही ते फक्त पाणी. दुष्काळच असा, की दवाखान्यामागचा आड तळापर्यंत कोरडा आणि टँकर आला तर आला. कोरडा आड म्हणजे आयतीच कचराकुंडी. रक्ताचे बोळे, वाकलेल्या सुया, फुटक्या बाटल्या, नको ते सगळं आडात. मीही टाकलंय, खोटं कशाला बोलू?

थर्मामीटर तर फुटायचेच. कुणी काखेत धरून कुशीवर वळायचं, कुणी कडकन चावायचं. एकदा बीपीचं यंत्रच टेबलावरून पडलं आणि फरशीभर पाऱ्याचे मणी पळाले. फरशी धुवायला पाणी नव्हतं, म्हणून मावशी झाडू घेऊन आली. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली आयाबाई. पन्नाशीची, रेणापूरकडची, नवरा गेलेला. मुलगा-सून ऊसतोडीला गेले होते आणि सात वर्षांची नात हिच्यापाशी ठेवली होती. दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत दोघी राहायच्या.

मावशी झाडू बाजूला ठेवून खाली बसली. "सिस्टर, ह्यो पारा न्हवं? महादेवाचा असतो म्हणत्यात. मठात म्या पाऱ्याची पिंड बघितली हाय. टाकून कशाला द्यायचा?"

तिच्या गळ्यात लिंग, माझ्याही गळ्यात लिंग; दोघी लिंगायत. मला वाटलं, बिचारी, या दुष्काळात देवाला वाहायला फूल नाही, नेऊ दे. मीच कागदानं मणी गोळा केले, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि म्हटलं, "घ्या मावशी. फक्त तोंडात घालू नका." तेवढंच मला ठाऊक होतं. पारा नुसत्या हवेतनंही अंगात शिरतो, हे पुस्तकात असेल. मी पुस्तक परीक्षेपुरतं वाचलेलं. त्यानंतर थर्मामीटर फुटला की झाडून गोळा करायचा मावशीनं आणि पारा तिचाच, असं ठरूनच गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीचं काहीतरी बिनसलं. हातातला ट्रे वाजायला लागला. बोलता बोलता डोळ्यांत पाणी यायचं, हिरड्या सुजलेल्या, तोंडातनं सारखी लाळ. "वय झालं ओ," ती म्हणायची. आणि मी शहाणीनं काय म्हणावं? "मावशी, हातात जीव हाय का न्हाई? नीट धरा की जरा!" चारचौघांत म्हणाले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एक दिवस नात पाटी घेऊन वॉर्डात आली. ही पोरगी अक्षर इतकं गोल काढायची, की माझ्या खोकल्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी गमतीनं तिच्याकडनं लिहून घ्यायची. त्या दिवशी पाटीवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या. "गुरुजी मारत्यात," ती म्हणाली. "म्हणत्यात मुद्दाम वाकडं काढतीस. म्या मुद्दाम न्हाई करत." मी तिचा हात हातात घेतला. तो मावशीच्या हातासारखाच थरथरत होता. म्हातारपण सात वर्षांच्या पोरीला येत नाही. मी घाबरले.

जिल्ह्याहून आठवड्यातनं एकदा एक डॉक्टरीणबाई यायच्या. मी दोघींना ओढतच त्यांच्यापुढं नेलं. त्यांनी हिरड्या बघितल्या, हात पुढं करायला लावले आणि मावशीला सरळ विचारलं, "घरात पारा आहे का? पाऱ्याचं भस्म, औषध, काही?"

मावशीनं भाबडेपणानं माझ्याकडं बोट केलं. "हाय की. सिस्टरनंच दिलाय. वाटीचा तळ झाकंल एवढा झालाय आता."

डॉक्टरीणबाई मला रागावल्याही नाहीत. घरातनं तो पारा आजच्या आज निघाला पाहिजे, नाहीतर पोरीचा हात कायमचा जाईल, एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी मी मावशीच्या घरी गेले. एक खोली, एक दार, खिडकी नाही. भिंतीतल्या देवळीत काचेची वाटी, वाटीत पारा आणि वाटीला अगदी चिकटून दिवा. देवळीच्या खालीच पोरीचं अंथरूण.

"दिवा दिवसासुद्धा?" मी विचारलं.

"अखंड हाय. पाऊस पडंस्तोवर इझू द्यायचा न्हाई, असा नवस बोलले म्या."

म्हणजे बघा, दिव्यानं पारा रात्रंदिवस तापत होता, त्याची वाफ खोलीत कोंडत होती आणि पोरगी तिथंच झोपत होती. दिवा पावसासाठी, पारा देवासाठी. आणि तो दिला कुणी, तर शिकलेल्या सिस्टरनं.

मी म्हटलं, पारा द्या. मावशी देवळीपुढं आडवी उभी राहिली. "देव घरातनं उचलून देऊ? आन पाऊस न्हाई आला तर?" माझी जीभ सुटली. अडाणी म्हणाले, पोरीच्या जिवावर उठलीस म्हणाले, अहो-जाहोसुद्धा सोडलं. मावशी रडायला लागली. रडत रडत तिनं मला बाहेर काढलं आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून पुन्हा गेले आणि उंबऱ्यावर बसले. आज पारा घेतल्याशिवाय उठायचं नाही, मग रात्र झाली तरी बेहत्तर.

"मावशी, काल मी वाट्टेल ते बोलले," मी म्हटलं. "चूक माझी हाय. हा देव न्हाई हो. रोग्याच्या तोंडातल्या काचेतनं सांडलेला, फरशीवरचा पारा हाय. मीच कागदानं गोळा केला. मठातल्या पिंडीचं मला ठाऊक न्हाई, पण ह्याचं सगळं मला ठाऊक हाय."

पोरगी कोपऱ्यात बसून पाटी पुसत होती.

"महादेवानं विष पिलं ते गळ्यात धरलं ना? दुसऱ्या कुणाला बाधू दिलं न्हाई. मग त्याच्या नावानं आपण लेकराला विष द्यायचं का? नवस मोडू नका. दिवा ऱ्हाऊ द्या. पारा तेवढा मला द्या."

मावशी उठली, देवळीतली वाटी उचलायला गेली आणि तिचा हात असा थरथरला, की वाटी देवळीच्या कडेवर टकटक वाजली. "थांबा!" मी ओरडलेच. मी नाकाला पदर बांधला, वाटी उचलली, पारा घट्ट झाकणाच्या बरणीत ओतला आणि वरनं पाणी घातलं. देवळीखालची माती खरवडून डब्यात भरली. पोरीचं अंथरूण काढून शेजारणीकडं नेलं आणि दार चांगलं आठ दिवस उघडं ठेवायला लावलं.

बरणी घेऊन मोठ्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "हे काय घेऊन फिरताय सिस्टर? टाका आडात."

"आड आज कोरडा हाय साहेब," मी म्हटलं. "मावशीनं दिवा कशासाठी लावलाय? पाणी आलं, म्हणजे ते पिणार कोण?"

त्यांनी बरणी माझ्याकडंच सरकवली. माझ्याकडं बरणी न्यायला दुसरी जागा नव्हती. पाऱ्याचं हेच वाईट. तो जळत नाही, कुजत नाही, पुरला तरी संपत नाही. मग मी बरणी आणि तो मातीचा डबा वॉर्डातल्या कपाटात ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. त्या दिवसापासनं वॉर्डात पाऱ्याला झाडू लावणं बंद. थर्मामीटर फुटला की खिडक्या उघडायच्या, कागदानं मणी गोळा करायचे आणि बरणीत पाण्याखाली टाकायचे. सुया पत्र्याच्या डब्यात. आडात काही टाकताना दिसला, तर तो कंपाउंडर असो की डॉक्टर, माझ्याशी गाठ. लोक वैतागले. "हिला खूळ लागलंय," म्हणाले. म्हणू देत. मोठ्या डॉक्टरांच्या मी इतकी मागं लागले, की पाऊस लागायच्या आत त्यांनी आड उपसून दिला आणि त्यातल्या घाणीसाठी लांब, उंचवट्यावर सिमेंटचा खड्डा बांधून घेतला. उपसताना मी काठावर उभी होते. खालून एकेक टोपलं वर येत होतं, आणि त्यातलं किती मी टाकलंय हे मला कळत होतं.

पाऊस झाला. आडाला पाणी आलं. मावशीनं दिवा स्वतःच्या हातानं शांत केला. दिवाळीच्या सुमाराला पोरगी वॉर्डात आली आणि तिनं खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी मागून घेऊन लिहिली. 'दिवसातून तीनदा.' सरळ, गोल अक्षर. मी ती चिठ्ठी बाटलीला लावलीच नाही, खिशात ठेवली.

मावशीचा हात मात्र थांबला नाही. पारा तिनं पोरीपेक्षा जास्त दिवस हाताळला होता, झाडला होता, पुजला होता. तिनं मला त्याबद्दल कधी शब्दानं बोल लावला नाही. रोज चार वाजता ती माझ्यासाठी चहा घेऊन यायची. मी उठून घ्यायला गेले तर रागवायची, "बसा ओ सिस्टर, आणते मी." वॉर्डाच्या त्या टोकापासनं माझ्या टेबलापर्यंत कपबशी वाजत यायची, आणि मी बसून ऐकायची.