वाकडा दस्ता

आखातात, नईममधल्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये लागून मला तीनच महिने झाले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अदलिया भागातले एक म्हातारे अरब गृहस्थ दुनळी बंदूक घेऊन आले. अक्रोडाच्या दस्त्याला चीर गेली होती. पोलादावर नाजूक पानंफुलं कोरलेली. विलायतेतल्या कारागिराने हाताने घडवलेली बंदूक होती ती. पण दस्ता एका बाजूला चांगलाच वाकडा! एवढा कसबी माणूस गुण्या लावून सरळ आहे का बघायला विसरला, म्हणून मला हसू आलं.

म्हाताऱ्यांनी काठीने दस्ता दाखवला. म्हणाले, "खलास, बादेन सीदा बैत."

मला अरबी ठो कळत नव्हतं. 'सीदा' तेवढं कळलं. आपलाच शब्द! चांभाराची नजर जोड्यावर, तशी माझी वाकड्यावर. हात शिवशिवतच होते. चीर सरसाने सांधली, बाक रंधून काढला, पलीकडून पट्टी बसवली, पॉलिश मारलं. दस्ता सुतात आला. गावी वडिलांना दाखवावं, असं काम झालं होतं.

न्यायला म्हातारे मुलाला घेऊन आले. मुलगा मुंबईत शिकलेला. तो बघतच राहिला.

"ये क्या किया? बाबा ने बोला था, काम खलास, बाद में सीधा घर लेके आना."

बैत म्हणजे घर, हे मला तेव्हा कळलं.

मग त्याने सांगितलं. त्याच्या आजोबांचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या वडिलांचा, उजवा डोळा समुद्रात मोती काढताना गेला. उजव्या खांद्याला बंदूक लावून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा म्हणून एका इंग्रज मित्राने त्यांची मापं विलायतेला पाठवली आणि मुद्दाम तसा दस्ता करून घेतला. आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. म्हातारे अधूनमधून त्या बाकाला गाल लावून बसत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्यांनी बंदूक खांद्याला लावली, मान कलती केली, आणखी कलती केली. गाल कुठे टेकेना. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मफी मुश्किल." काही हरकत नाही! चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलाला हळूच काहीतरी विचारलं.

"बाबा पूछते हैं, जो लकड़ी निकाली, वो रखी है?"

ते छिलपे मी सकाळीच सरसाच्या भांड्याखाली जाळले होते. म्हाताऱ्यांना कळेल असा एकच शब्द माझ्यापाशी होता.

"खलास," मी म्हणालो.