डार्लाच्या पायरीवरचं भांडं

केंटकीच्या त्या डोंगरदरीत विल्मा स्टिडमला सगळे ओळखत ते शाळेच्या बसमुळे आणि तोंडामुळे. दोन्ही सुसाट. शेजारीण डार्लाशी तिचं हाडवैर. डार्ला आपली गाडी अरुंद रस्त्यात आडवी लावायची आणि मुलांनी भरलेली बस खोळंबायची. एका सकाळी विल्माने फावडं उचललं आणि गाडीची काच फोडली.

सरकारी वकील प्रुइट यांनी खटल्याआधीच एक वाट दिली. "गुन्हा लिहून कबूल करा. वर्षभर राग आवरायच्या वर्गाला जा, आणि डार्लाच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. मग खटला भरणार नाही. अट मोडलीत, तर हीच कबुली कोर्टात वाचेन."

"आणि माझी बस?"

"खटला उभा राहिला तर बस विसरा."

विल्माने सही केली. मग काय, डार्लाला ऊतच आला. कुंपणापलीकडून रोज ओरडायची, "काय गं, दातखीळ बसली का?" विल्मा दातओठ खात बसमध्ये चढायची.

वर्ष सरत आलं आणि डार्लाची आई वारली. दरीत कुणी गेलं की घराघरातून शिजवलेलं अन्न जातं. भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी असते, म्हणजे ते घासून परत येतं. विल्माला दुःखबिःख काही झालं नव्हतं. "सुटली म्हातारी त्या सटवीच्या तावडीतून!" म्हणाली. पण स्टिडमांकडून काही आलं नाही, असं डार्लाने चारचौघांत सांगायचं? जीव गेला तरी नाही! डार्ला चर्चमध्ये गेलेली पाहून तिने कोंबडीचा रस्सा पायरीवर ठेवला आणि परतली. हाक नाही, भेट नाही. मग अट कुठे मोडली? अक्कल गहाण ठेवली होती बाईने, दुसरं काय!

आठवड्याने ते भांडं प्रुइटांच्या टेबलावर होतं. शेजारी डार्ला, हाताची घडी घालून.

"पायरीपर्यंत गेलात. अट मोडली."

"अहो, मयताच्या घरी अन्न नेलं मी!"

"अटीत तशी सूट नाही, बाई."

विल्माने भांडं उलटं केलं. बुडाला तिचंच नाव. आतून लख्ख घासलेलं.

"भवाने, सगळं चाटूनपुसून खाल्लंस की!"

"मीठ कमी होतं," डार्ला म्हणाली.

खटला उभा राहिला, बस गेली. सोमवारी नवी बाई बस घेऊन आली आणि डार्लाच्या गाडीपाशी अडकून हॉर्न वाजवत राहिली. विल्मा ओसरीवर बसून ऐकत होती.