वांग्याचा काही दोष नव्हता

मागच्या वर्षी माघात, सकाळी दूध तापवत असताना, माझ्या जाऊबाई गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात थोरली सून मी आहे.

परतूरच्या आठवडी बाजारात असा एकही जिन्नस विकायला येत नसेल, ज्यावर जाऊबाईंनी कधी ना कधी आरोप ठेवला नव्हता. मी त्यांना नुसतं बाई म्हणायची. बाईंच्या अंगावर पित्त उठायचं. पित्त उठणं आपल्याकडे नवं नाही. कुणाला आंबटाने उठतं, कुणाला गार वाऱ्याने, आणि संध्याकाळपर्यंत बसतं. बाईंचं पित्त वेगळं होतं. ते पोटापासून सुरू व्हायचं, पाठीवर जायचं, मांड्यांवर तळहाताएवढ्या लाल फुगीर गांध्या यायच्या, ओठ सुजायचे, आणि चार-पाच दिवस कुणाचं ऐकायचं नाही. मग एका सकाळी आपण होऊन निघून जायचं. ते गेलं की बाई चौकशीला बसायच्या. पित्त यायच्या आदल्या दिवशी पोटात काय गेलं होतं, ते आठवून एक आरोपी पकडायच्या आणि त्याला कायमचा घराबाहेर काढायच्या, म्हणजे स्वतःच्या ताटाबाहेर. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा वांगं, शेंगदाणे आणि अंबाडीची भाजी हद्दपार झालेली होती. माझ्या डोळ्यांदेखत दही गेलं, चिंच गेली, तीळ गेले, आणि एका पावसाळ्यात तुरीची डाळ गेली, तेव्हा दुपारी वरण वाढताना त्यांचा हात थोडा थांबला होता. खाण्याचे जिन्नस संपत आले तसे त्यांनी इतरांवर नजर वळवली. नायलॉनच्या साड्या झाल्या, बोअरचं पाणी झालं, शेजारच्या घराला दिलेला नवा रंग झाला. मी शाळेत जाताना लावायची ती पावडरसुद्धा एक महिना संशयाखाली होती. "ए मास्तरीण," त्या म्हणाल्या, "तुझं काही न्हाई, तुझ्या पावडरीच्या डब्याचं हाय." पुढच्या महिन्यात पित्त पुन्हा आलं, तेव्हा पावडर सन्मानाने सुटली.

वांग्यावर मात्र त्यांचं प्रेम होतं. त्यांचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. तिकडच्या काळ्या रानातल्या वांग्यांबद्दल त्या माहेरच्या माणसांबद्दल बोलावं तशा बोलायच्या. घरात भरीत व्हायचं ते त्यांच्याच हातचं. वांगं भाजायचं, सोलायचं, हिरवी मिरची ठेचायची, वरून तेल ओतायचं, आणि मग पाटावर बसून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. "सांग, कसं झालंय," त्या मला म्हणायच्या. मी चांगलं झालंय म्हटलं की चिडायच्या. "पुस्तकं वाचती अन् सांगता येईना. मीठ कुठं लागतंय, आधी का मागून? धूर किती हाय? नीट सांग." मी घास तोंडात घोळवून सांगायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. आयुष्यात माझं वर्णन इतक्या मनापासून दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही.

पित्तावर उपाय सगळे झाले. आमसुलाचं पाणी झालं, भर वैशाखात घोंगडी पांघरून बसणं झालं. गेरू तर नेहमीचाच. तुपात गेरू कालवून बाई हातापायांना, मानेला, कपाळाला लावायच्या आणि तशाच घरभर वावरायच्या. एकदा श्रावणात अशाच रंगून ओट्यावर धान्य निवडत होत्या. आमचे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, मोंढ्यातल्या आडत दुकानातून जेवायला आले. चपला काढता काढता म्हणाले, "पोळ्याला अजून अवकाश हाय ना? आत्ताच रंगवून ठिवलं कुणी?" बाईंनी सुपातून मान वर केली नाही. "बैलाला वर्षातून एक दिस रंगवत्यात," त्या म्हणाल्या. "मला दर म्हैन्याला." ओटाभर हसू झालं. दादाही हसले. त्या वाक्यात काय सांगितलं होतं ते ऐकायला तिथे कुणी डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरसमोर ते वाक्य बोलण्याची सोय नव्हती.

कारण दवाखान्यात बाई बोलायच्याच नाहीत. परतूरला, परभणीला, एकदा संभाजीनगरला, जिथे नेलं तिथे शेजारच्या खुर्चीवर दादा बसायचे आणि डॉक्टरांनी बाईंकडे बघून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दादा द्यायचे. "हिला पित्त हाय साहेब. लई वर्षांचं हाय. वांगं खाल्लं असंल." दादांचं चूक नव्हतं. बायको सुजलेली बघून त्यांना अन्न जायचं नाही; मोंढ्यातले सौदे सोडून ते दवाखान्याच्या बाकावर दिवस काढायचे. डॉक्टर खाजेच्या गोळ्या लिहून द्यायचे. त्या घेतल्या की बाईंना अशी झोप यायची की कणीक मळता मळता त्यांची मान परातीवर यायची. खाज कमी व्हायची, पित्त पुढच्या महिन्यात यायचं.

आता महालक्ष्म्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण बाईंचा जीव तिथे होता. भाद्रपदात आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा बसतात, लोखंडी कोठ्यांवर मुखवटे ठेवून. त्यांना साड्या नेसवण्याचं काम सासूबाईंनी बाईंना दिलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. बाई अशा निऱ्या घालायच्या की गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या की आधी निऱ्या बघायच्या, मग हात जोडायच्या. घरात त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो एवढाच. हे काम विटाळात चालत नाही. म्हणून गौरी-गणपती जवळ आले की त्याही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांसारख्या, मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या. आणायची मी, कारण मी शिकलेली आणि मला मागताना लाज वाटत नाही असा समज होता. आणि दर वर्षी ऐन महालक्ष्म्यांत बाईंचं पित्त कधी नव्हे एवढं भडकायचं. डोळे सुजून फटी व्हायच्या, त्या फटीतून बघत त्या पदर काढायच्या. "मुखवटे बघा अन् मला बघा," त्या आलेल्या बायांना म्हणायच्या. "नाकडोळे सगळे तिकडं दिले, माझ्याकडं काहीच ठिवलं न्हाई." बाया म्हणायच्या, देवीचा अंश उतरतो अंगावर. बाई म्हणायच्या, उतरो, पण खाजवायला कशाला लावते. सण उरकला की चौकशी बसायचीच. पण महालक्ष्म्यांचा नैवेद्य सोळा भाज्यांचा, म्हणजे एकाच दिवशी सोळा आरोपी. त्यातून एकेकीला सोडवता सोडवता दसरा यायचा.

एका वर्षी हे हसण्यापलीकडे गेलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, पुरणाचा नैवेद्य दाखवून झाला आणि बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "गळ्यात काहीतरी अडकल्यावानी करून राह्यलं." आवाज त्यांचा नव्हता. जीभ सुजली होती. दादांनी जीप काढली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नळी लावली, आणि तासाभराने श्वास मोकळा झाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे पुन्हा होऊ शकतं, आणि उशीर झाला तर हाती काही राहणार नाही. जालन्याच्या एका डॉक्टरबाईंचं नाव त्यांनीच दिलं.

जालन्याला मी बरोबर गेले. दादा सवयीने खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हिला पित्त हाय." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?" दादांना हे नवं होतं, पण ते उठले. दार लागल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाळीचा आणि पित्ताचा काही मेळ दिसतो का हो तुम्हाला?"

"मेळ म्हंजे?" बाई म्हणाल्या. "दोघी जावा-जावा हायेत. थोरली येऊन चार दिस धिंगाणा घालती, मंग धाकटी येती. धाकटी आली की थोरली जाती."

"हे आधी कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं न्हाई कुणी. अन् ह्यांच्या म्होरं कसं सांगणार. ह्ये तर दर टायमाला खुर्चीवर."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं आणि बाईंनी महालक्ष्म्यांचं सगळं सांगितलं. मग डॉक्टरबाई समजावत गेल्या. पाळीच्या आधी बाईच्या शरीरात एक द्रव्य वाढतं, ते सगळ्यांच्याच वाढतं. पण क्वचित एखादीचं अंग आपल्याच द्रव्याला परकं समजून त्याच्यावर उठतं. पाळी ढकलायच्या गोळीत त्याच जातीचं औषध असतं. तपासण्या करू, रोज घ्यायचं औषध देते, एकदम बरं होईल असं सांगत नाही. वय पुढे जाईल तशी पाळी अनियमित होईल, तेव्हा पित्तही वेळी-अवेळी येईल. पाळी थांबल्यावर बहुधा निवेल. "पण ती गोळी पुन्हा घ्यायची नाही. गळ्यापर्यंत गेलेलं आहे हे."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "म्हंजे वांग्याचा काही दोष नव्हता."

"नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बिचारं," बाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

परत येताना त्यांनी जालन्याच्या मंडईत दादांना थांबवून वांगी घेतली. दादा घाबरले. "अगं, पित्त?" "वांग्याचं अन् पित्ताचं काही वैर न्हाई." "मंग कशाचं हाय?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांगते कधीतरी," त्या म्हणाल्या. त्या दिवशीचं भरीत त्या एकट्या स्वयंपाकघरात बसून जेवल्या. मला कसं झालंय ते विचारलं नाही. मी दारातून पाहिलं आणि आत गेले नाही.

वांगं परत मिळालं, पण भाद्रपद पुढे उभा होता. गोळी घेतली तर गळा, नाही घेतली तर महालक्ष्म्या. सासूबाईंच्या कानावर मी जमेल तसं घातलं. त्या म्हणाल्या, "घरातली थोरली सून असून लक्ष्म्यांपासून लांब बसली, असं ह्या घरात झालं न्हाई." रक्षाबंधनानंतर मी बाईंना विचारलं, गोळी आणायची का. त्या म्हणाल्या, "नको. मला मरायचं न्हाई." इतकंच. नंतर तांदूळ निवडायला बसल्या.

आणि महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळीच त्यांची पाळी आली. कोठ्या मांडलेल्या, साड्या घडी घालून ठेवलेल्या, मी निरी घालायला बसलेली, आणि मला निरी येत नव्हती. बाईंनी बाहेरच्या खोलीत दाराच्या समोर एक खुर्ची घेतली आणि बसल्या. दादा बाजारातून फुलं घेऊन आले. "तू अशी बाहेर का?" त्यांनी विचारलं. आत सासूबाई होत्या, माझे यजमान होते, पूजेचं सामान आणून देणारा गुरव होता. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझी पाळी आली. गोळी घेतली न्हाई. ती गोळी माझा गळा दाबती. पित्त पाळीचंच हाय, इतक्या वर्षांचं. आता सांगितलं."

गुरवाने ताम्हन हळूच खाली ठेवलं. दादा फुलांची पिशवी हातात धरून उभे होते. मग त्यांनी ती माझ्याकडे दिली, कोपऱ्यातला टेबलफॅन उचलला आणि बाईंच्या खुर्चीकडे वळवून लावला. त्या क्षणी त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. बाई आतल्या कोठ्यांकडे मान वाकडी करून बघत होत्या. सासूबाईंनी ते पाहिलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तिथून काय दिसतंय तुला? खुर्ची उंबऱ्यापशी घे."

बाईंनी खुर्ची उंबऱ्याशी आणली. मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. "मास्तरीण, ती निरी न्हाई, ती वळकटी हाय. सोड. बोटं पसर. ज्येष्ठेचा पदर डावीकडून, तिला काय तू शाळेत पाठवती का, असा घट्ट कशाला ओढला? आता कनिष्ठा. तिची साडी खाली घे, घोटे दिसून राह्यले. बराबर. बिलकुल बराबर. आता हात लावू नको." मी घामाने निथळले. बाईंचा चेहरा मात्र स्वच्छ होता. त्यांचं नाक किती धारदार आहे, ते महालक्ष्म्यांच्या दिवशी मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आधी निऱ्या बघत होत्या आणि मग उंबऱ्याशी बसलेल्या बाईंकडे. एक-दोघींनी नंतर मला बाजूला घेऊन त्या गोळीबद्दल विचारलं.

पित्त तसं लगेच गेलं नाही. औषधाने सौम्य झालं, मध्येच वेळ चुकवून यायचं, दादा स्वतः डॉक्टरबाईंना फोन लावून बायकोच्या हातात द्यायचे आणि अंगणात जाऊन उभे राहायचे. काही वर्षांनी पाळी थांबली आणि त्यानंतर कधीतरी पित्तही यायचं थांबलं. नेमकं कधी, ते आमच्या लक्षात आलं नाही. बाई सगळं खाऊ लागल्या. जरा सर्दी झाली की म्हणायच्या, "आता दोष द्यायला कुणी उरलं न्हाई, लई पंचाईत झाली." त्यांना चांगली काही वर्षं मिळाली, मुलाचं लग्न होऊन सून घरात आली. मग हृदय थांबलं. त्याचा पित्ताशी संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं.

यंदा माघात वर्षश्राद्ध झालं आणि भाद्रपदात आम्ही महालक्ष्म्या बसवल्या. साड्या मी नेसवल्या. निऱ्या बऱ्या आल्या, बाईंच्या हाताच्या नाहीत. आमच्या घरात ती गोळी आता कुणी आणत नाही. ज्या बाईची पाळी असेल ती उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसते आणि तिथून सांगते. यंदा तिथे बाईंची सून बसली होती.