चटईची उलटी बाजू

तायडे गेल्याचं मला कळलं ते धुळ्याच्या बाजारात, एका चटयांच्या दुकानासमोर. निवृत्तीनंतर मी धुळ्याला राहतो आणि भाजी आणायला जाताना पंढरीनाथ नानांच्या दुकानावरून जातो. त्या दिवशी नाना गल्ला सोडून बाहेर आले. एरवी ते गिऱ्हाईक आल्यावरसुद्धा उठत नाहीत. "देवरेभाऊ, तुमले समजनं का? तायडेसाहेब गयात... काल सकायले. बोदवडले, घरमाच." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. अशा वेळी माणसाला काय काय आठवतं म्हणतात. मला एवढंच वाटलं, की हा माझ्याहून चांगला सात वर्षांनी लहान, आणि इथेही माझ्या आधी! नाना डोळे पुसत होते. मी त्यांच्या दुकानात तायडेच्या आधीपासून जात आलो आहे. माझ्यासाठी ते इतके रडतील असं मला वाटत नाही.

अशोक तायडे आणि मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चटयांच्या कारखान्यात होतो. प्लॅस्टिकच्या काड्या विणून केलेल्या, मोर-कमळं काढलेल्या त्या चटया लग्नात, बारशात, पारावर, ओसरीवर... खान्देशात त्यांच्यावर कोणी बसलं नाही असं घर सापडायचं नाही. तो यायच्या आधीपासून मी तिथे तपासणी खात्याचा प्रमुख होतो. खातं म्हणजे छपराच्या पत्र्यात बसवलेल्या काचेखाली मांडलेलं एक लांबलचक सागवानी टेबल, त्याभोवती चार बायका, आणि माझ्या हातात 'नापास'चा लाल शिक्का. मागावरून उतरलेली चटई माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. मी चालत आलो की मागवाले विडी विझवत. मालक शेठजींनासुद्धा एवढा मान नव्हता, कारण शेठजी रागावले तर पगार कापत आणि मी शिक्का मारला तर शेजारच्या मागवाल्यासमोर नाक कापलं जाई. तायडे रुजू झाला त्या दिवशी मी त्याला टेबलापाशी नेलं, चटईचा कोपरा उचलून उलटा केला आणि म्हणालो, "सरळ बाजू सगळेच बघतात. ती विकण्यासाठी असते. काम कसं झालंय ते इथे कळतं." तो वाकून पाहत राहिला. मग शेजारच्या चटईचा कोपरा त्याने स्वतः उचलला, मग तिच्याही शेजारच्या. एखाद्या पोराला नवीन खेळणं मिळावं तसा तो दिवसभर कोपरे उलटत फिरत होता. मला बरं वाटलं होतं. शिष्य मिळाला असं वाटलं होतं.

तो बोदवडचा, बौद्ध घरातला. वडील वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर. ते घरी एक वाक्य नेहमी म्हणत, आणि तायडे ते आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवी: "आमचा माल बिघडला तर गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही." मुलगा इंजिनियर झाला, पुण्यात काही वर्षं राहिला, आणि मोटारींच्या कारखान्यातली नोकरी सोडून आमच्या चटयांकडे आला, का तर घराजवळ. मी त्या काळात मुंबईहून टपालाने पुस्तकं मागवत असे. जपानी कारखाने मालाचा दर्जा कसा सांभाळतात, ती जबाबदारी एका खात्याची न राहता झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांची कशी होते, यावर तेव्हा इंग्रजीत बरंच येत होतं. मी ते सगळं वाचलं होतं, खाली रेघा मारल्या होत्या, आणि चांगला विचार आहे, असं म्हणून कपाटात ठेवलं होतं. विद्वान माणसाने पुस्तकाचं आणखी काय करायचं असतं? तायडेने त्यातलं एक वाचायला नेलं. महिन्याभराने परत आणलं ते वरणाचे डाग पाडून. टेबलावर ठेवत म्हणाला, "देवरेभाऊ, तुम्ही रेघा बरोब्बर जागी मारल्यात. मग सुरू कधी करायचं?"

सुरू झालं ते शेठजींच्या पद्धतीने. गुणवत्ता सप्ताह झाला. पुण्याहून एक सल्लागार आले, त्यांच्या पडद्यावर चित्रं दाखवायच्या यंत्राचा दिवा पहिल्याच चित्राला उडाला, आणि उरलेला दर्जा त्यांनी अंधारात समजावून सांगितला. छातीला बिल्ले लागले. हात पुढे करून शपथ झाली. फाटकावर सोनेरी अक्षरांची पाटी लागली, तिच्यातलं एक अक्षर आठवड्यात पडलं. मी मागच्या रांगेत बसून हे सगळं मनापासून उपभोगत होतो. पाटी पडेल, बिल्ले हरवतील, टेबल राहील. सप्ताह संपल्यावर तायडेने शेठजींपुढे एकच गोष्ट मांडली. शेवटी तपासून खराब माल बाजूला काढता येतो, चांगला करता येत नाही. प्रत्येकाने आपल्यापुढच्या माणसाला गिऱ्हाईक समजावं, आपला माल आपणच पाहावा आणि दोष दिसला की काम तिथेच थांबवावं. मग टेबल कशाला? शेठजींनी आम्हा दोघांचं ऐकून निकाल दिला: होळीपासून दिवाळीपर्यंत टेबल बंद. या काळात माल परत आला तर टेबल पुन्हा मांडायचं, नाही आला तर कायमचं उठवायचं. टेबल भिंतीला उभं केलं गेलं. त्यावरच्या चार बायका किनार शिवायच्या यंत्रांवर गेल्या. मला कार्यालयात एक खुर्ची मिळाली, आणि तिच्यावर बसून परतीच्या ट्रकची वाट पाहणं हे काम.

तायडेने शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी बांधली आणि तिला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा अडकवली. कोणालाही दोष दिसला की त्याने दोरी ओढायची, माग थांबतील, दोषाचं कारण सापडेपर्यंत पुन्हा चालू होणार नाहीत. कित्येक दिवस त्या दोरीला कोणी हात लावला नाही. चालू माग थांबवणं म्हणजे शेठजींच्या ताटात माती टाकणं, असंच सगळे मानत आले होते. आणि एका सकाळी घंटा वाजली. माग धडाधड थांबले... आणि अख्खी शेड हात धुवायला नळाकडे निघाली! वीज नसली की भोंगा वाजत नसे, तेव्हा वॉचमन घंटा बडवून जेवणाची सुट्टी सांगे. सवयीने लोकांनी डबे सोडले. दहासुद्धा वाजले नव्हते. मी दारात उभा राहून हा तमाशा पाहत होतो आणि शेठजी कधी येतात याकडे माझा एक डोळा होता. तायडे आला, त्याने चहूकडे पाहिलं, आणि सरळ मांडी घालून त्यांच्या पंगतीत बसला. "सोडलेत तर खाऊन घ्या आता. मला कोण भाकरी देतं?" हसण्याने पत्रे हादरले. त्याने कोणाची तरी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, पाणी प्यायला, आणि मग विचारलं, "वाजवली कोणी?"

सुलोचना अक्का उभी राहिली. माझ्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. हातातली चटई वर धरून म्हणाली, "साहेब, मोरले एकच पाय शे."

सगळे पुन्हा हसायला लागले, पण तायडे हसला नाही. तो अक्काला घेऊन त्या मागापाशी गेला आणि कमळातून बाहेर पडणारी काडी कुठे निसटते ते सापडेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. मागवाला घामाघूम. "तुला कोण बोलतंय रे?" तायडे त्याला म्हणाला. "मोराला बोलतोय मी." संध्याकाळी दोन पायांचा मोर उतरला तेव्हा तो मागवालाच चटई घेऊन अक्काला दाखवायला धावला. माझ्याकडे कोणी कधी चटई दाखवायला धावत आलेलं मला आठवत नाही. माझ्याकडे त्या आणाव्या लागत.

तरी माझी आशा संपली नव्हती, आणि मे महिन्यात ती फळाला आली. धुळ्याहून पंढरीनाथ नानांचा निरोप आला: गठ्ठे परत पाठवतोय, किनारी तुटताहेत. शेठजींनी आम्हा दोघांनाही पाहायला पाठवलं. ऐन लग्नसराईची गर्दी, बस पारोळ्याला थांबली. चहा घेताना तायडे म्हणाला, "माल खराब निघाला तर तुमचं टेबल परत येईल, भाऊ."

"वाईट वाटतंय मला," मी म्हणालो.

"वाटत असेल. तोंड मात्र वरातीतलं दिसतंय."

नानांच्या गोदामात पाऊल टाकताच मला कारण दिसलं. पत्र्याची पश्चिमेकडची भिंत, तिला टेकवून गठ्ठे रचलेले. भिंतीला हात लावला तर फोड यावा. किनारी भाजून कडक झाल्या होत्या आणि पापडासारख्या मोडत होत्या. आता इथे गप्प बसलो असतो तर टेबल माझंच होतं. पण इतकी वर्षं मालाचा न्याय केलेला माणूस गप्प बसू शकत नाही, तोंडातून निघून गेलं, "नाना, हा दोष आमचा नाही. पत्र्याला टेकवून कोणी ठेवतं का? माल तुम्ही भाजलात."

"मंग कोठे ठेवू, भाऊ?" नाना उसळले. "मन्हा डोकावर?"

तायडे खदखदून हसला. मग भिंतीला पाठ टेकवून पाहिली, चटका बसताच पुढे सरला, आणि म्हणाला, "नानांचं बरोबर आहे. चटई पत्र्याखालीच राहणार. पत्र्याखाली टिकत नसेल तर ती आपण खान्देशासाठी केलेलीच नाही." गठ्ठे परत घेतले. पुढे त्याने प्लॅस्टिकचा मसाला बदलायला लावला, उन्हात महिनाभर चटया वाळत घालून पाहिल्या, आणि नाना त्याचे जन्माचे झाले. न्याय मी केला होता. पण न्यायासाठी कोणी कोणाचा जन्माचा होत नाही.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडला, की मी माझ्याच तोंडाने हरलो. दोष आपला नाही, हे वाक्य शेठजींपुढे उच्चारलं की तायडे जिंकला. दुसऱ्या दिवशी तो शेठजींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माल परत आलाय. ठरल्याप्रमाणे टेबल मांडा." एवढंच. माझं वाक्य त्याने वापरलंच नाही. टेबल काचेखाली पुन्हा आलं. मी शिक्क्याला नवी शाई घातली आणि माझ्या बायकांना बोलावणं धाडलं. सुलोचना अक्का येऊन उभी राहिली, पण बसेना. "भाऊ, आठे माल खराब व्हई जावावर देखूत. तठे मशीनवर व्हवानं पहिलेच देखतस. मंग आठे बसीसन काय करू?" उरलेल्या तिघी तर आल्याच नाहीत. मी एकटा बसलो. चटया येत, मी कोपरा उलटून पाही, आणि बाजूला ठेवी. शिक्क्यावरची शाई वाळली.

दुपारी तायडे दोन कप चहा घेऊन तिथे येऊन बसू लागला. मी निवृत्त होईपर्यंत हा नेम चुकला नाही. मी त्याला टोचून बोलत असे: "तायडे, जपानात चटईवर मोर असतात का रे?" तो म्हणे, "असले तर दोन पायांचे असतील." पुस्तकं नेई, डाग पाडून आणी. कारखान्याचं नाव झालं, मुंबईला कुठल्याशा मोठ्या सभागृहात बक्षीस मिळालं. व्यासपीठावर हारांचा ढीग, आणि तायडेने माइक हातात घेऊन सांगितलं, "चटईची उलटी बाजू पाहायला मला आमच्या देवरेभाऊंनी शिकवलं." कडाडून टाळ्या पडल्या. त्या पडल्या त्याच्या मोठेपणाला! एवढ्या उंचीवर जाऊनही माणूस दुसऱ्याचं नाव घेतो, म्हणून. घेतलेलं नाव कोणाचं, हे जेवणाच्या रांगेत पोहोचेपर्यंत लोक विसरले होते. त्याने माझी गोष्ट चोरली असती तर भांडता आलं असतं. तो ती दर वेळी सगळ्यांसमोर परत करायचा, आणि ती त्याच्याचकडे राहायची... अशा माणसाचं काय करावं?

मागच्या पंधरवड्यात बोदवडला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. जळगावहून अर्धा कारखाना पॅसेंजरने आला होता. विहारासमोरच्या मांडवात मूर्तीपुढे मेणबत्त्या होत्या, हार घातलेला तायडेचा फोटो होता, आणि खाली आमच्याच चटया अंथरल्या होत्या. माणसं आत येऊ लागली. मागवाले, शिवणाऱ्या बायका, गठ्ठे बांधणारे... जो तो बसण्याआधी वाकत होता, चटईचा कोपरा उचलून उलटी बाजू पाहत होता, आणि मगच बसत होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. भांग नीट करावा तितक्या सहज सगळे ते करत होते. तायडेचे एक म्हातारे चुलते हे बघत दारापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "हे काय करून राह्यले सगळे?"

सुलोचना अक्का पुढेच होती. पदराने डोळे टिपत म्हणाली, "आमना साहेबनी सवय शे, बाबा."

ही अक्का माझ्या टेबलावर शिकलेली. मीच तिचा हात धरून पहिला कोपरा उलटवला होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मला पाहून हात जोडले आणि बाजूला सरून जागा केली. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. समोर फोटोत तायडे हसत होता. त्याला विचारलं असतं तर त्याने आत्ता, याही वेळी, उठून माझं नाव सांगितलं असतं. आणि मांडवातल्या सगळ्यांना त्याचाच गहिवर आला असता.

मी वाकलो आणि कोपरा उचलला. म्हाताऱ्या चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्हीही अशोकच्याच हाताखालचे का, भाऊ?"

मी उलटी बाजू पाहत होतो. जरा जास्तच वेळ पाहिली. एखादी सुटलेली काडी, एखादी सैल गाठ... अंगठ्याने किनारही चाचपली. कुठेच काही नव्हतं.

"हो," मी म्हणालो, आणि कोपरा सोडून बसलो.